निळ्या शाईतली ओळ

१७ फेब्रुवारीला, मंगळवारी, सकाळी सव्वानऊ वाजता माझ्या हातात ४५,८५० रुपयांचं अंदाजपत्रक पडलं. वहीच्या कागदावर पाच ओळी होत्या : अडीचशे फूट ड्रिलिंग, चाळीस फूट केसिंगचा पाइप, गाडीची ने-आण, बोअरचं झाकण आणि पाण्याचा एक टँकर. पहिल्या चार ओळी काळ्या शाईत होत्या, पाचवी निळ्या. अक्षर मात्र एकाच हाताचं होतं, गोल आणि नीटनेटकं.

सदतीस वर्षं मी एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेब पाहतो आहे. आमच्या कामात वेगळ्या शाईतली ओळ म्हणजे मागाहून घुसवलेली ओळ. पावती असो, बिल असो, माझं बोट आधी तिथंच जाऊन थांबतं. त्या दिवशीही थांबलं.

कागद घेऊन आलेल्या माणसाला आमच्या बाजूला सगळे पाताळभाऊ म्हणत. हे नाव त्यांना कुणी दिलं ते त्यांनाही आठवत नव्हतं. "वरती आपलं काय आहे?" ते म्हणायचे. "सगळी ओळखपाळख खालचीच." उंच, खांद्यांत वाकलेला माणूस. वय पन्नाशीच्या आतबाहेर. भुवया धुतल्या तरी पांढुरक्याच राहायच्या. जन्म कंप्रेसरच्या शेजारी गेल्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाशीही ते पलीकडच्या रस्त्यावरच्या माणसाशी बोलावं तसे बोलत.

वडील हाताने विहिरी खणायचे. पहार, टोपली आणि दोर. पाताळभाऊ विशीत असताना त्याच दोराने खाली उतरायचे. पुढे यंत्र आलं, विहिरी खणणाऱ्यांचं काम गेलं, तेव्हा चौघा मित्रांनी मिळून एक जुनी बोअरची गाडी घेतली. सव्वीस वर्षांत त्यांनी हजार-बाराशे बोअर मारल्या. प्रत्येकीची नोंद वहीत : तारीख, मालक, किती फूट, पाणी की कोरडी. पाणी लागलं असेल तर पुढे आणखी एक शब्द, गोडं किंवा मचूळ. तो शब्द ते चव घेतल्याशिवाय लिहीत नसत.

चौघांपैकी आता एकटे तेच उरले होते. पहिला मित्र गेला तेव्हा दमा म्हणाले. दुसरा गेला तेव्हा क्षय म्हणाले. तिसऱ्याच्या वेळी डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "हा काय काम करायचा?" दगडाची भुकटी श्वासातून आत गेली होती आणि आतच राहिली होती. मग पाताळभाऊंच्या बायकोने नवऱ्याला ओढत नेऊन त्यांचाही फोटो काढून घेतला. डॉक्टर म्हणाले, छातीचा तिसरा हिस्सा कामातून गेला आहे, उरलेली जपा. पाणी मारून ड्रिलिंग केलं तर भुकटी उडत नाही, चिखल होऊन खाली पडते. तसं काम करा. कोरडा दगड फोडणार असाल तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका.

त्या दिवसापासून वहिनींनी घरात नियम केला. टँकर आल्याशिवाय गाडी चालू करायची नाही. अंदाजपत्रकं त्याच लिहीत, आणि प्रत्येक अंदाजपत्रकात टँकरची ओळ असायचीच. पाताळभाऊ त्यांना हेडक्लार्क म्हणत.

यातलं काहीही मला त्या सकाळी ठाऊक नव्हतं. आधी सांगून ठेवतो आहे, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

नोकरीची दोन वर्षं उरली होती. गावाच्या टोकाला प्लॉट घेऊन दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे ओटा एवढं घर आम्ही बांधलं होतं. नळ अजून तिकडे पोचला नव्हता. अंदाजपत्रक बघायला शेजारचे ड्रॉइंग मास्तरही येऊन बसले होते. निवृत्त माणूस, वेळेला तोटा नाही. हिने चहा दिला.

मी लाल पेन्सिल काढली. "पाताळभाऊ, हे काय? टँकर?"

"पाणी मारून ड्रिलिंग करतो साहेब. धूळ बसते."

"म्हणजे तुम्ही पाणी काढायला येताय की मागायला?"

मास्तर चहा सांडेपर्यंत हसले. हीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. सगळ्यांत मोठ्याने हसले पाताळभाऊ. हसता हसता त्यांना खोकला आला, आणि आमचं हसू संपल्यावरही तो बराच वेळ संपला नाही. कोरडा, खोलवरून येणारा खोकला, रिकाम्या डब्यात खडे हलवावेत तसा.

"पाणी देऊ का?" हिने विचारलं.

त्यांनी हातानेच नको म्हटलं. डोळे पुसून कागदाकडे पाहिलं. मी पाचवी ओळ खोडली होती आणि खाली नवी बेरीज मांडली होती, ४४,९५०.

"बाकीचे बोअरवाले टँकर धरत नाहीत," मी म्हणालो.

"नाही धरत," ते म्हणाले. कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बरं साहेब. कागद तुमचा."

त्यांची गाडी सात आठवडे जागची हलली नव्हती, हे मला नंतर कळलं. टँकरच्या ओळीपायी तीन कामं दुसऱ्यांकडे गेली होती. खरं कारण का सांगितलं नाही, असं मी पुढे त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आजारी ड्रायव्हरच्या गाडीत कोण बसतं हो?"

शुक्रवारी सकाळी गाडी आली. बरोबर दोन गडी होते. घराच्या मागच्या अंगाला, कुंपणापासून बारा फुटांवर त्यांनी जागा धरली आणि साडेआठला कंप्रेसर सुरू झाला. खिडक्यांच्या काचा थरथरू लागल्या. मांडणीवरची भांडी आपोआप एकमेकांकडे सरकू लागली.

पहिले चाळीस फूट मातीचे होते. ओलसर, तांबूस. ती बाहेर येऊन नुसती पडायची. पाताळभाऊंची एक पद्धत होती. वीस फुटांचा एक रॉड खाली गेला की बाहेर आलेल्या मालातलं फावडंभर उचलून ते बाजूला ढीग घालायचे. एका रॉडला एक ढीग, सगळे एका ओळीत. पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत गेलं की जमीन खाली कशी आहे ते वाचता येतं. माझ्यासारख्या माणसाला ही पद्धत आवडली. खतावणीच होती ती.

तिसऱ्या रॉडला दगड लागला. आवाज बदलला. आणि जमिनीच्या तोंडातून पांढरा लोट उठला.

मी पिठाची गिरणी पाहिली आहे, सिमेंटचं गोदाम पाहिलं आहे. हे निराळं होतं. ती भुकटी खाली बसत नव्हती. माणसाच्या उंचीवर तरंगत राहायची आणि वारा नसतानाही सरकायची. दहा मिनिटांत कुंपण दिसेनासं झालं. मास्तर नाकाला रुमाल लावून आले आणि म्हणाले, "अहो, माझ्या जास्वंदीला फुकटात पावडर लावलीत!" पण तेही लगेच घरात गेले आणि त्यांच्या खिडक्या धडाधड लागल्या.

पाताळभाऊ गाडीच्या मागे, दांड्यांवर हात ठेवून, त्या लोटाच्या मधोमध उभे होते. गडी मधूनमधून बाजूला सरकत. त्यांना सरकता येत नव्हतं. दांड्या सोडल्या तर खालचा हॅमर अडकतो.

रॉड बदलायला थांबले तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. गळ्यातला टॉवेल काढून म्हणाले, "ताई, जरा पाणी मिळेल? हा भिजवायचाय."

हिने बादली पुढे केली. "एवढं पुरेल?"

"माझ्या तोंडापुरतं पुरेल. दगडाला पुरायचं नाही."

ही त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "खोकला कधीपासून आहे हो, भाऊ?"

पाताळभाऊंनी टॉवेल पिळला. ही विचारते तेव्हा माणसं खरं सांगतात, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. त्यांनीही सांगितलं. तीन मित्रांचं, खिडकीत धरलेल्या फोटोचं, डॉक्टरांच्या अटीचं. मी मागेच उभा होतो. सगळं ऐकलं.

"अहो, टँकर मागवा," ही माझ्याकडे वळून म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

मी फोन काढलाही. टँकरवाला म्हणाला, आज पाच वाजल्यानंतर. तेव्हा सव्वाअकरा झाले होते. फोनवर हात ठेवून मी पाताळभाऊंना सांगितलं.

"पाचपर्यंत गाडी उभी ठेवली तर माझा दिवस गेला," ते म्हणाले. "आणि उद्याचं काम मी हो म्हणून बसलोय. राहू द्या साहेब. दगडाचा रंग बदलतोय. दोन रॉडांत दगडातला सांधा लागेल, पाण्याची फट. एकदा ओल लागली की धूळ आपोआप बंद."

"नक्की?"

"खालच्यांशी ओळख आहे माझी."

मला त्यांचं म्हणणं पटलं असं नाही. सोयीचं होतं. मी टँकरवाल्याला नको म्हणून सांगितलं.

दोन रॉड गेले. सातवा ढीग, आठवा ढीग. प्रत्येक वेळी ते वाकून चिमूटभर भुकटी बोटांत चोळायचे. कोरडी. नववा. टॉवेल आता ओला राहत नव्हता. बादलीतून काढून तोंडाला बांधला की पाच मिनिटांत त्याच्यावर लेप बसायचा आणि श्वासाबरोबर तो आत ओढला जायचा, बाहेर यायचा. मी मागच्या दारातून बघत होतो. मला दुसरं काही दिसत नव्हतं, तेवढंच पांढरं फडकं दिसत होतं, आत-बाहेर होताना.

पाऊण वाजता जेवायला कंप्रेसर बंद केला. कानांत एकदम पोकळी झाली. त्यांचा फोन वाजला.

"हेडक्लार्क," ते मला म्हणाले आणि फोन कानाला लावला. "हां... चाललंय... हो गं, चालू आहे पाणी. भरपूर. चिखलात उभा आहे नुसता." मग थोडं थांबून, "अगं, कशाला साहेबांना?... बरं, देतो."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. दुसऱ्या हाताने मला खूण केली. एवढंच, की हो म्हणा.

"साहेब," पलीकडचा आवाज शांत होता. "टँकर आलाय ना? पाणी मारतायत ना हे?"

माझ्यासमोर तो माणूस उभा होता. केसांपासून बुटांपर्यंत पांढरा, त्यात लाल डोळे.

"हो वहिनी," मी म्हणालो. "मारतायत."

"तुम्ही सांगितलंत म्हणजे झालं."

सदतीस वर्षांत मी एकही खोटी नोंद केलेली नाही. कागदावर केलेली नाही.

दुपारी अडीचच्या सुमाराला पाताळभाऊंनी इंजिन मंद केलं आणि हाक मारली. अडीचशे फूट झाले होते. ओळीत बारा ढीग होते आणि तेरावा अर्धा. पहिले दोन तांबूस, मग सगळे राखेच्या रंगाचे. मी ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो. बूट घोट्यापर्यंत रुतत होते.

"कागद इथं संपला साहेब," ते म्हणाले. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ते बोलत होते. एक शब्द, मग श्वास, मग दुसरा शब्द. "पुढचं तुम्ही बोला."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटायचं... ते सकाळीच वाटून झालं."

ही मागच्या दारात उभी होती. तिने मान हलवली. नको. मला ते दिसलं.

अडीचशे फुटांचं कोरडं भोक मला परसात दिसत होतं. खर्च झालेला, पाणी नाही, आणि पुन्हा दुसरी जागा. पुन्हा सगळं पहिल्यापासून.

"अजून दोन रॉड," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. टॉवेल बादलीत घातला, पिळला, बांधला. बादलीतलं पाणी तोवर दाट झालं होतं, पिठल्यासारखं.

दोनशे ऐंशीच्या पुढे लोट एकदम खाली आला. कुणीतरी वरून दाबल्यासारखा. भुकटीच्या जागी काळपट चिकट गोळे पडू लागले, मग चिखल, आणि दोनशे नव्वदला पाणी उसळलं. गाडीच्या टपापेक्षा उंच. गडी ओरडले. मास्तर खिडकी उघडून टाळ्या वाजवायला लागले. मीही हसत होतो.

पाताळभाऊंनी ओंजळ धरली. आधी तोंडावर मारली, तेव्हा गालांवर त्यांच्या स्वतःच्या रंगाचे दोन पट्टे उमटले. दुसरी ओंजळ तोंडात घेतली, घोळवली, थुंकली. थुंकीत पाणी कमी आणि राखाडी गाळ जास्त होता. तिसरी घेतली.

"गोडं आहे," ते म्हणाले.

निघताना त्यांनी केसिंगच्या तोंडावर गोणपाट बांधलं. "झाकण परवा आणून बसवतो. तोवर हे सोडू नका. बोअर श्वास घेते साहेब. कधी आत ओढते, कधी बाहेर सोडते. उघड्या तोंडाची ठेवू नये."

परवा ते आले नाहीत. चार दिवसांनी फोन केला, कुणी उचलला नाही. पंपवाल्याने पंप सोडला, पाइप वर काढला आणि तोंडावर तात्पुरता पत्रा तारेने आवळला. पाणी येत होतं.

६ मार्चला वहिनी स्वतः आल्या. कापडी पिशवी, त्यात वही, वहीत बिल. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. लहान चणीची बाई, चष्म्याला एका बाजूने दोरा. बसा म्हटलं तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"हे झोपून आहेत," त्या म्हणाल्या. "त्या कामानंतर दुसऱ्याच दिवसापासून. दुसरं काम घेतलं होतं, तिकडे गेलेच नाहीत. डॉक्टर म्हणतात असं एकदम वाढायला नको होतं, पाणी मारून काम चाललं असेल तर. म्हटलं, साहेबांनी स्वतः सांगितलंय मला."

ताडून पाहायला मी माझ्याकडचं अंदाजपत्रक काढलं आणि त्यावर ठेवून बिल हातात घेतलं. हात रिकामा असला की माझं काही खरं नसतं, कागद असला की डोळे आपोआप ओळी धरतात. ड्रिलिंग दोनशे नव्वद फूट. केसिंग. गाडी. टँकर. एकूण ४९,८०० रुपये.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, बिलात चूक आहे. टँकर धरलाय."

बोललो, आणि मग ऐकलं मी काय बोललो ते.

स्वयंपाकघरात काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. ही दारात आली, पण पुढे आली नाही.

"आला नव्हता?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"मग तुम्ही फोनवर..."

"हो."

त्यांनी हात पुढे केला. मी बिल दिलं. त्याखाली माझ्याकडचं अंदाजपत्रक होतं, तेही आपोआप गेलं. लाल पेन्सिलीची रेघ त्यांनी बघितली. चष्मा वर करून पुन्हा बघितली.

"हीच ओळ का खोडली?"

"वेगळ्या शाईत होती," मी म्हणालो. "मला वाटलं, मागाहून घातली."

"पेन संपलं होतं हो," त्या म्हणाल्या. "तिथंच संपलं. उठून दुसरं आणलं."

मग पिशवीतून पेन काढून त्यांनी बिलातली टँकरची ओळ खोडली, नवी बेरीज लिहिली, ४८,९००, आणि बाजूला सही केली. मी म्हणालो की राहू द्या, ते नऊशेही घ्या. मी पाकिटातून काढलेही.

"न आलेल्या टँकरचे पैसे कसे घेऊ? वहीत काय लिहू?" त्यांचा आवाज चढलाही नव्हता. "चुकीचं बिल मी देत नाही."

"आणि झाकण? ते धरलेलंच नाही."

"झाकण हे स्वतः बसवतात. दुसऱ्या कुणाच्या हाताने नाही. बसवलं की घेऊ."

चेक त्यांनी वहीत ठेवला आणि त्या गेल्या. हिने त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाळलं असं नाही. जेवायला वाढलं, दूधवाल्याचं काय ते विचारलं. फक्त पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवताना म्हणाली, "घ्या. गोडं आहे."

तेव्हापासून मी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जातो. एक खोली, एक स्वयंपाकघर. कॉटशेजारी हवा देणारं यंत्र ठेवलेलं आहे, ते दिवसभर घरघरतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा पाताळभाऊ नाकातली नळी सारखी करत म्हणाले, "बघा साहेब... सव्वीस वर्षं कंप्रेसर घराबाहेर ठेवला... आता घरात घुसला." आवाज एवढा खाली आला आहे की त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागतो. पलीकडच्या रस्त्यावर जाईल असा तो आवाज कुठे गेला, कळत नाही. वहिनी चहा देतात. मला साहेब म्हणतात. त्या दिवसाचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही, आणि मला तो काढू दिलेला नाही.

गाडी विकली. वही उशाशी असते. तिच्यातली शेवटची नोंद त्यांनी मला दाखवली. तारीख, माझं नाव, २९० फूट, पाणी, गोडं. पुढची पानं कोरी आहेत.

दर वेळी ते विचारतात, "पाणी कसंय?"

"तेवढंच आहे. उन्हाळ्यातसुद्धा उतरलं नाही."

"उतरायचं नाही. सांधा मोठा आहे." मग थोडा श्वास जमवून, "झाकण राहिलंय."

झाकण त्यांच्या कॉटखाली आहे. लोखंडी, गोल, चार बोल्टचं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. वहिनी केर काढताना ते उचलतात, खालचं पुसतात आणि परत तिथंच ठेवतात. मागच्या महिन्यात मी म्हणालो, मी घेऊन जातो, पंपवाला बसवेल, तुम्ही कशाला त्रास घेता. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे बसवतील ना." पाताळभाऊ भिंतीकडे बघत होते. मी पैसे पुढे केले तेही त्यांनी घेतले नाहीत. काम झालेलं नाही, म्हणाल्या.

घरी पत्रा सैल झाला आहे. दुपारी घरात कुणी बोलत नसलं की मागच्या अंगाहून आवाज येतो. आधी आत ओढल्याचा, मग बराच वेळ काही नाही, मग सोडल्याचा. ही शिवण बाजूला ठेवून ऐकत बसते. मी तार दोनदा आवळली.

येत्या ऑक्टोबरात मी निवृत्त होतो. देणी-घेणी मिटवून ठेवली आहेत. पाताळभाऊंचे झाकणाचे ४५० रुपये देणे आहेत.